पेट्रोलपंपाच्या आवारातील बोअर : पाण्याच्या शोधाकडून गळतीच्या शोधाकडे

नाशिक जिल्ह्यात बोअर कसा घेतात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रानातून फिरतो, नारळ उभा राहील तिथे खूण होते, बोअरची गाडी येते, उदबत्ती लावून नारळ फोडला जातो आणि कॉम्प्रेसरच्या धडधडाटात दगडाची करडी भुकटी उडू लागते. हाच बोअर जुन्या पेट्रोलपंपाच्या आवारात, जमिनीखालची टाकी गळते आहे की काय हे तपासण्यासाठी घ्यायचा झाला, तर नारळ चालेल, उदबत्ती चालणार नाही. आणि खरे पाहता ती गाडीही बहुतेक ठिकाणी चालणार नाही. ती का चालणार नाही, हे तिच्या इतिहासातच आहे.

बोअरच्या गाडीवरची, हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याची यंत्रे भारतात रुळली ती दुष्काळांमुळे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने अशी यंत्रे कठीण खडकाच्या प्रदेशांत आली आणि १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला त्यांची निकड पटवली. विहिरीला जिथे महिने लागत, तिथे हे यंत्र एका दिवसात काळा पाषाण फोडून झऱ्यापर्यंत पोहोचू लागले. पुढे सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे बोअर किती फूट गेला आणि किती इंची पाणी लागले, एवढ्यावरच त्याचे मोल ठरू लागले. मुरुमापुरते केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घालायची नळी) टाकायचे, खाली भोक उघडेच ठेवायचे आणि वाटेतले सगळे झरे एकत्र येऊ द्यायचे, ही पाण्यासाठी सोयीची रीत होती.

गळतीच्या तपासणीचा उगम मात्र पाण्याच्या टंचाईत नव्हे, टाक्यांच्या गंजात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अमेरिकेत पंपाखाली साध्या पोलादी टाक्या मोठ्या संख्येने पुरल्या गेल्या आणि त्या गंजून पेट्रोल विहिरींत उतरू लागले. तेथील संसदेने १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायद्यात स्वतंत्र भाग घातला, १९८६ मध्ये गळतीच्या सफाईसाठी निधी उभारला, आणि १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यास किंवा बंद करण्यास डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत दिली. हजारो पंपांवर तपासणीचे बोअर घेण्याची वेळ आली, आणि एक अडचणीची गोष्ट उघड झाली : दूषित जागेत निष्काळजीपणे घेतलेला बोअर हाच प्रदूषणाला खाली उतरण्याचा जिना होतो. वरच्या थरात अडकलेले इंधन त्या भोकातून खालच्या स्वच्छ झऱ्यात जाते, आणि तपासणारे मोकळ्या मनाने परत जातात.

आपल्याकडच्या खडकात हा धोका अधिक नाजूक आहे. काळी माती, मुरूम, मांजऱ्या (मऊसर खडक), मग घट्ट पाषाण आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये गेरूचा पट्टा, अशी नाशिकच्या जमिनीची साधारण रचना. इंधन येथे वाळूत पसरावे तसे सारखे पसरत नाही, भेगांची वाट धरते. म्हणून टाकीपासून थोड्याच अंतरावर एक बोअर कोरडा आणि दुसरा पेट्रोलच्या वासाने भरलेला निघू शकतो. अशा भेगांत दाबाची हवा सोडली की बाष्प शेजारच्या तळघरात किंवा आडात ढकलले जाते, नमुन्यातील बेंझीनसारखे उडून जाणारे घटक निघून जातात आणि कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश मात्र नमुन्यात येतो. म्हणजे धोकाही वाढतो आणि पुरावाही बिघडतो. त्यामुळे माती-मुरुमात ऑगर (माती वर काढणारा मोठा गिरमिट) आणि पाषाणात स्वच्छ पाण्यावर संथपणे फिरून कोअर (खडकाचा अखंड दंडगोल) काढणारे यंत्र, असा मार्ग धरला जातो. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही अधिक लागतात, आणि ‘दिवसात तीनशे फूट’ ऐकलेल्या मालकाला ते पटवणे हे काम तांत्रिक कामाहून अवघड असते, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष कामात यंत्र सर्वांत शेवटी येते. आधी जुने नकाशे, टाक्यांची तोंडे, पाईप, विजेच्या केबल आणि रोजच्या डिपच्या (टाकीतले इंधन पट्टीने मोजल्याच्या) नोंदी पाहिल्या जातात. नोंदीतली न उलगडणारी घट पुष्कळदा बोअरच्या आधीच बोलते. मग ठरलेल्या जागी साधारण १.२ मीटरपर्यंत हातानेच खड्डा घेतला जातो, कारण बहुतेक पाईप आणि केबल तेवढ्यातच असतात. कुदळीला पाईपवरची वाळू लागली की जागा बदलायची, घाई करायची नाही. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्याने ते खड्ड्याच्या तळाशी साचते, म्हणून वायुमापकाची नळी कमरेच्या उंचीवर न धरता तळापर्यंत सोडावी लागते. हवेत साधारण १.४ टक्के बाष्प झाले की ठिणगी पुरते. पण त्याच्या दहाव्या भागाशीच काम थांबवण्याचा प्रघात आहे. काम चालू असताना टँकर रिकामा करायचा नाही, हा नियम वेगळा लिहावा लागतो, यातच बरेच काही आले.

नाशिक जिल्ह्यासाठी हा विषय परका नाही. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे मोठे साठे आहेत आणि मुंबईकडून येणारी इंधनवाहिनी तेथे पोहोचते. अशा वाहिनीच्या पट्ट्यात विहीर खणण्यास १९६२ चा पेट्रोलियम वाहिन्यांचा कायदा मनाई करतो. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात मात्र वाहिनीची गळती लोकांना कळली ती बोअरच्या पाण्यात तेल आल्यावर, आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. नवे पंप शाळा, रुग्णालये व वस्त्यांपासून साधारणपणे ५० मीटर दूर असावेत, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सांगितले. दूषित जागांची ओळख, तपासणी आणि सफाई यांसाठी स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

उरतो तो बोअर बंद करण्याचा भाग. सोडून दिलेले बोअर बुजवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिले ते मुले त्यात पडत होती म्हणून. तिथे माती-दगडाची भर पुरते. इंधनाच्या जागेत ती पुरत नाही. तिथे सिमेंट आणि बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) यांचे मिश्रण नळीने तळापासून वर चढवत आणावे लागते, आणि निघालेली माती बंद पिंपात भरून, चिठ्ठी लावून, वेगळी ठेवावी लागते.