‘चीता’चा अंक मागवण्याआधी

‘वंडर वुमनची चीता पाठवा’ अशी ऑर्डर आली की आम्ही आधी विचारतो, कोणती चीता? वंडर वुमन ही डीसी कॉमिक्सची नायिका, आणि तिच्या विरोधातल्या एकापेक्षा जास्त खलपात्रांनी हे नाव घेतलं आहे. मध्यंतरी न विचारता अंक पाठवला आणि बार्बरा नावाची चीता हवी असलेल्या मुलाच्या हाती प्रिसिला नावाची पडली. चूक आमची होती, अंक बदलून दिला. हे पत्रक त्यानंतरच काढलं.

पहिली चीता म्हणजे प्रिसिला रिच. ती १९४३ मध्ये ‘वंडर वुमन’च्या अंक ६ मध्ये आली. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन, चित्रं एच. जी. पीटर यांची. बड्या घरातल्या या तरुणीला वंडर वुमनची वाहवा सहन होत नाही. ती आरशात बघते तर समोर ठिपकेदार कातड्यातली बाई उभी, आणि ती बाई हुकूम सोडते. मग प्रिसिला चित्त्याच्या कातड्याच्या गालिच्यातून स्वतःचा पोशाख शिवते. तिच्या अंगात जनावराची शक्ती नाही, आहे तो निव्वळ मत्सर. आम्हाला तीच सगळ्यांत भेदक वाटते.

१९८० मध्ये तिची भाची डेबोरा डोमेन याच नावाने आली. कोब्रा या खलनायकाच्या लोकांनी ब्रेनवॉशिंग करून तिचं मनच पालटून टाकलं होतं.

सिनेमा पाहून येणाऱ्यांना बहुधा बार्बरा अॅन मिनर्व्हा हवी असते. २०२०च्या चित्रपटात क्रिस्टन विगने तीच साकारली. लेन वीन आणि जॉर्ज पेरेझ यांनी तिला ऑगस्ट १९८७ मध्ये आणलं. ही पुरातत्त्वज्ञ. उर्झकार्टागा या वनस्पतिदेवाच्या विधीमुळे तिचं शरीरच बदलतं, नखं आणि शेपटीसकट. २००१ मध्ये ती शक्ती सेबॅस्टियन बॅलेस्टेरॉस या अर्जेंटिनाच्या उद्योगपतीने बळकावली, म्हणजे चीता पुरुषही झाला.

खरा घोळ आकड्यांचा आहे. १९८७ मध्ये मालिकेचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले. त्यामुळे बार्बराचा अंक ७ आणि चाळीसच्या दशकातला अंक ७ हे दोन वेगळे अंक आहेत. नुसता क्रमांक कळवू नका, सालही लिहा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. इंग्रजीतला ‘चीता’ हा शब्द आपल्याकडूनच गेलेला आहे. मूळ संस्कृत, अर्थ ठिपकेदार. प्रिसिलाचा गालिचा बघताना तो आठवतो.

ऑर्डर देताना पात्राचं पूर्ण नाव, साल आणि मूळ अंक हवा की पुनर्मुद्रण चालेल, एवढं कळवा.