अळंबीच्या अर्काची पूड: लेबलवरचा आकडा नेमकं काय मोजतो?

औषधी अळंबीच्या अर्काच्या डबीवर बहुतेक वेळा एक आकडा ठळक छापलेला असतो: ‘पॉलिसॅकराइड ५० टक्के’. वाचणाऱ्याचा समज होतो की निम्मी पूड म्हणजे औषधच. पण पॉलिसॅकराइड म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी, आणि धान्यातला स्टार्चही पॉलिसॅकराइडच असतो. फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून जी प्रचलित चाचणी करतात, तिला अळंबीतली साखळी कोणती आणि पिठातली कोणती हे ओळखता येत नाही. शर्करा सापडली की रंग येतो आणि रंगावरून टक्केवारी निघते. त्या निम्म्या पुडीत काय आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

रेशी, शिताके, लायन्स मेन, टर्की टेल, चागा या औषधी अळंबींविषयी जी चर्चा चालते ती सगळी ‘कोणती अळंबी कशावर गुणकारी’ एवढ्यापुरतीच असते. माझ्या मते त्याआधीचे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. अळंबीचा कोणता भाग वापरला, त्यातून अर्क कसा काढला आणि तो कशाने मोजला, हे कळल्याशिवाय नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही.

अळंबी ही वनस्पती नव्हे. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ. तिचं खरं शरीर लाकडात किंवा मातीत पसरलेल्या बारीक तंतूंच्या जाळ्याचं असतं. या तंतूंच्या आणि छत्रीच्याही पेशीभित्तिकेत कायटिन असतं, म्हणजे कीटकांच्या कवचात असतो तोच चिवट पदार्थ. त्याला जखडून बीटा-ग्लुकॅन या पॉलिसॅकराइडच्या साखळ्या असतात. आपल्या शरीराची कोणतीही पेशी बीटा-ग्लुकॅन बनवत नाही. त्यामुळे तो दिसला की प्रतिकारयंत्रणेच्या लेखी एकच अर्थ असतो: आत बुरशी शिरली आहे. भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर त्याला ओळखणारं डेक्टिन-१ नावाचं एक प्रथिन असतं. बीटा-ग्लुकॅनला पकडणारा ग्राही (रिसेप्टर) म्हणून त्याची ओळख २००१ मध्ये पटली. रेणू तिथे चिकटला की पेशी सावध होते, संदेशवाहक प्रथिनं सोडते, जंतू गिळायला सज्ज होते. अळंबी ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ या दाव्याच्या मुळाशी असलेली जैविक यंत्रणा ती हीच. ती खरी आहे. मात्र काचेच्या बशीतल्या पेशी सावध होणं आणि रोज चमचाभर पूड घेणारा माणूस कमी आजारी पडणं, यांत फार मोठं अंतर आहे.

आता अर्काकडे वळू. सुकी अळंबी नुसती दळली तर बीटा-ग्लुकॅनचा बराचसा भाग कायटिनमध्ये अडकून राहतो आणि आपलं पचन कायटिनपुढे फारसं चालत नाही. म्हणून अळंबी काही तास गरम पाण्यात उकळतात. साखळ्या सुटून पाण्यात उतरल्या की द्रव गाळून घेतात, कमी दाबाखाली आटवतात आणि गरम हवेच्या झोतात फवारून त्याची पूड करतात. हा अर्क फार चिकट असतो, यंत्राला धरतो. ते टाळायला त्यात अनेकदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्च तोडून बनवलेली पूड घालतात. तेही शर्करेच्या साखळ्यांचंच असल्याने सुरुवातीला सांगितलेल्या चाचणीत बिनबोभाट मोजलं जातं.

पाण्यात सगळंच उतरत नाही. रेशीचा कडवटपणा ट्रायटर्पीन गटातल्या गॅनोडेरिक आम्लांमुळे येतो. ती पाण्यात जेमतेम विरघळतात, अल्कोहोलमध्ये चांगली विरघळतात. बीटा-ग्लुकॅन आणि ट्रायटर्पीन दोन्ही हवे असतील तर अल्कोहोल आणि पाणी अशा दोन टप्प्यांत अर्क काढावा लागतो. रेशीचा म्हणून विकलेला अर्क जराही कडू लागत नसेल तर त्यात ट्रायटर्पीन नावापुरतीच असणार.

लेबलवरचं ‘१०:१’ हे गुणोत्तरही असंच फसवं. १० किलो कच्च्या मालातून १ किलो अर्क निघाला, एवढंच ते सांगतं. त्या किलोत कोणता रेणू किती टिकला याचा त्यातून पत्ता लागत नाही.

सगळ्यात मोठा घोळ मात्र कच्च्या मालातच असतो. छत्री वाढवायला वेळ लागतो, जागा लागते. त्याऐवजी शिजवलेल्या धान्यावर बुरशीचे तंतू वाढवून, धान्यासकट सगळं सुकवून दळलं की काम लवकर उरकतं. तंतू धान्यात इतके घुसलेले असतात की वेगळे काढता येत नाहीत. अशा पुडीत स्टार्च भरपूर आणि बीटा-ग्लुकॅन कमी असतो. अळंबी स्वतः स्टार्च बनवत नाही, तिची साठवण ग्लायकोजेनच्या रूपात असते. म्हणून आयोडिनची शाळेतली चाचणी इथे उपयोगी पडते. पूड पाण्यात उकळून गार करावी आणि त्यात आयोडिनचे थेंब टाकावेत. गडद निळा-काळा रंग आला तर त्यात धान्य किंवा पीठ आहे. रंग आला नाही म्हणून पूड शुद्ध ठरते असं मात्र नाही, कारण माल्टोडेक्स्ट्रिनच्या आखूड साखळ्या या चाचणीतून सहज निसटतात. खात्री हवी असेल तर विकरं वापरून एकूण ग्लुकॅन मोजतात, त्यातून स्टार्चच्या जातीचा अल्फा-ग्लुकॅन वजा करतात आणि उरलेला बीटा-ग्लुकॅन म्हणून नोंदवतात. लेबलवर हाच आकडा शोधावा.

तंतू म्हणजे हलका माल, असा निष्कर्षही मी काढणार नाही. लायन्स मेनचंच पाहा. चेतापेशींच्या वाढीला लागणाऱ्या प्रथिनाची निर्मिती प्रयोगशाळेत वाढवणारी हेरिसेनोन ही संयुगं तिच्या छत्रीत सापडली, तर त्याच कामाची एरिनॅसिन ही संयुगं तंतूंमध्ये. कोणत्या संयुगासाठी पूड घ्यायची त्यावर भाग ठरतो आणि म्हणूनच तो लेबलवर स्पष्ट लिहिलेला असायला हवा.

माणसांवरच्या पुराव्याचं काय? लायन्स मेनचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास जपानमधला, २००९ चा आहे. स्मरणशक्ती किंचित घटलेल्या, ५० ते ८० वयाच्या ३० जणांपैकी निम्म्यांना १६ आठवडे गोळ्या दिल्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. पहिल्या गटाचे चाचणीतले गुण वाढले. गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा घसरले. अभ्यास लहान आहे, पण नीट केलेला आहे. त्यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की त्या गोळ्यांमध्ये अर्क नव्हता. छत्रीची साधी सुकी पूड होती, दिवसाला सुमारे ३ ग्रॅम. त्या अभ्यासाचा हवाला देऊन अर्क विकणारे हा तपशील सहसा सांगत नाहीत.

कर्करोगाबाबत जपानचाच दाखला दिला जातो. तिथे टर्की टेलपासून बनवलेल्या पीएसके या औषधाला १९७७ मध्ये आणि शिताकेतल्या लेंटिननला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही केमोथेरपीच्या जोडीला दिली जात. पीएसके तोंडावाटे, तर लेंटिनन इंजेक्शनने. ती ठरावीक शुद्धतेची औषधं होती. त्याच अळंबीच्या पुडीला त्यांचे गुण आपोआप चिकटत नाहीत. रेशीविषयी कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी पाच चाचण्या आणि ३७३ रुग्णांची माहिती तपासली. कर्करोगावरचा मुख्य उपचार म्हणून रेशी वापरण्याइतका पुरावा नाही, फार तर पूरक म्हणून विचार करता येईल, असा त्यांचा निर्वाळा होता. मधुमेही रुग्णांच्या हृदयविकाराच्या जोखमीबाबत २०१५ च्या दुसऱ्या समीक्षेला तर तिचा फायदाच दिसला नाही.

शिवाय जे विकलं जातं ते रेशीच असतं का? अमेरिकेत विकली जाणारी रेशीची १९ उत्पादनं तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी फक्त ५ लेबलशी जुळली. चाचण्यांचे निष्कर्ष कितीही चांगले असोत, उरलेल्या १४ उत्पादनांच्या ग्राहकांना ते लागू करता येत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ही पूड घेणाऱ्यांत आजाराने हैराण झालेली माणसंही असतात.

नैसर्गिक आहे म्हणून अपाय होणार नाही, असंही गृहीत धरू नये. रेशीची पूड घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चागामध्ये ऑक्झलेट भरपूर असतं. जपानमधल्या ७२ वर्षांच्या एका महिलेने सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली आणि ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे तिची मूत्रपिंडं निकामी झाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रेशीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ज्यांचा एखादा अवयव प्रत्यारोपित झाला आहे, त्यांच्या प्रतिकारयंत्रणेने नव्या अवयवावर हल्ला करू नये म्हणून तिला औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेलं असतं. तिला जागं करणारी कोणतीही पूड त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.