पाण्याची वाट आणि प्लॉटची हद्द

22 जुलै 2021 च्या पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं आणि ‘निळी रेषा’, ‘लाल रेषा’ हे शब्द घरोघरी पोचले. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द निळी, 100 वर्षांतल्या पुराची लाल. पण पाण्याची हद्द नकाशावर आखायची वेळ मुळात का आली?

कोकणात जागा धरताना आधी पाण्याची वाट बघत. गुहागरला आजही ते दिसतं. लांबलचक एकच रस्ता, दुतर्फा घरं; समुद्राच्या अंगाला घरामागे नारळी-पोफळीची वाडी, मग सुरूचं बन, मग पुळण. विहिरीचं पाणी पाटानं आळ्यांत जाई, न्हाणीचं अळूला किंवा केळीला. दोन वाड्यांमधला गडगा नुसत्या चिऱ्यांचा, चुना-सिमेंट नाही; पावसाचं पाणी फटींतून निघून जाई. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या जमिनीत, बांधाला उघाड्या (झडपा) ठेवत, ओहोटीला आतलं पाणी बाहेर काढायला.

1966 च्या नगररचना कायद्याखाली शहरांचे विकास आराखडे झाले. रस्त्यांची रुंदी, आरक्षणं, रहिवासी आणि व्यापारी विभाग, हे सगळं गरजेचंच होतं. पण आराखड्यातली जमीन सर्व्हे नंबरानं मोजलेली, आणि पऱ्या (लहान ओढा) काही सर्व्हे नंबरांच्या हद्दी बघून वाहत नाही. त्याच दशकात कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत येऊ लागलं. 1991 च्या सीआरझेडनं, म्हणजे किनारपट्टी नियमन अधिसूचनेनं, भरतीरेषेपासून 500 मीटरच्या पट्ट्यावर बंधनं आणली, 2019 मध्ये दाट वस्तीच्या गावांत ना-विकास पट्टा 200 वरून 50 मीटरवर आला. 2005 च्या पुरानंतरही नदीकाठचे भराव थांबले नाहीत.

डिसेंबर 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पूररेषांचे नियम आहेत, 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारणही सक्तीचं आहे. मला ही पावलं मोलाची वाटतात. तरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे टाकीइतकाच विचार भरावाचा व्हायला हवा, आणि तो एकेका प्लॉटपाशी.

आमच्या आळीत एकानं रीतसर परवानगी काढून प्लॉट तीन फूट उचलला, गडगा पाडून सिमेंटची भिंत घातली. पहिल्याच पावसात शेजारच्या पडवीत घोटाभर पाणी. यंदा शेजाऱ्यांनीही अंगण उंच करून घेतलं. आता पाणी तिसऱ्या घरात जातं.