ठिगळ सीडीतच लावायचं

विंडोज एक्सपीची सीडी 25 ऑक्टोबर 2001 रोजी बाजारात आली. त्या दिवशी त्या चकतीवर जे कोरलं गेलं ते कायमचं. 2003 साली कुणी नवं मशीन आणलं आणि त्याच सीडीने विंडोज टाकली, तर त्या मशीनमध्ये 2001 सालची विंडोज बसायची. मधल्या दोन वर्षांत सापडलेली सगळी भोकं, म्हणजे सुरक्षेतल्या चुका, उघडीच राहायची. मशीन नवं कोरं, पण जन्मतःच दोन वर्षं मागे.

हे किती महागात पडू शकतं ते ऑगस्ट 2003 मध्ये जगभर दिसलं. एका मशीनला दुसऱ्याकडून नेटवर्कवरून काम करून घेऊ देणाऱ्या विंडोजच्या आरपीसी या सेवेत एक गंभीर चूक होती. मायक्रोसॉफ्टने 16 जुलैला तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, दिला आणि 11 ऑगस्टला, म्हणजे अवघ्या 26 दिवसांनी, त्याच चुकीतून शिरणारा ब्लास्टर हा वर्म, म्हणजे मशीनमागून मशीनमध्ये आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, सुटला. त्याला ईमेल उघडावी लागत नव्हती की फाइलवर क्लिक करावं लागत नव्हतं. मशीन नेटला जोडलेलं असलं की पुरे. पडद्यावर एक चौकट यायची, सिस्टीम बंद होत आहे असं सांगायची आणि 60 सेकंद उलटे मोजायला लागायची. शून्य आलं की मशीन रीस्टार्ट. चालू झालं, नेट जोडलं की पुन्हा तीच चौकट.

खरी कोंडी इथे होती. फॉरमॅट मारून विंडोज टाकली की वर्म गेला, पण भोक पुन्हा उघडं झालं. ते बुजवणारा पॅच नेटवर आणि नेट जोडलं की काही मिनिटांत वर्म हजर. एक्सपीत बाहेरून आत येणारं अडवणारा फायरवॉल होता, पण तो आपोआप चालू नसायचा. ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 ने, म्हणजे साचलेल्या दुरुस्त्यांच्या दुसऱ्या मोठ्या गठ्ठ्याने, तो चालू केला. पण तो पॅक होता अडीचशे एमबीहून मोठा. डायलअपच्या 56 केबीपीएस जोडणीवर, पूर्ण वेग मिळाला असं धरलं तरी, उतरवायला दहा-अकरा तास. तोही प्रत्येक वेळी विंडोज टाकल्यावर वेगळा चालवायचा.

म्हणून दुरुस्ती बसवलेल्या विंडोजमध्ये करण्याऐवजी सीडीवरच्या मूळ फाइलींमध्येच करायची. याला स्लिपस्ट्रीमिंग म्हणतात. धावत्या ट्रकच्या मागे हवेचा जो ओढा तयार होतो, त्याला इंग्रजीत स्लिपस्ट्रीम म्हणतात. त्यात शिरलेला सायकलस्वार फार जोर न लावता पुढे ओढला जातो. इथे इन्स्टॉलेशनच्या मागोमाग सर्व्हिस पॅकही तसाच आत ओढला जातो. ही सोय विंडोज 2000 पासून आली. त्याआधीच्या विंडोज एनटी 4 मध्ये सीडीवरून एखादा भाग नंतर जोडला की जुन्या फाइली नव्यांवर बसायच्या आणि सर्व्हिस पॅक पुन्हा चालवावा लागायचा.

एक्सपीच्या सीडीत आय386 नावाचा फोल्डर असतो. त्यात नोटपॅड.ईएक्सई शोधलं तर सापडत नाही. सापडतं ते नोटपॅड.ईएक्स_. शेवटचं अक्षर जाऊन खालची रेघ आलेली. ही फाइल दाबून लहान केलेली आहे याची ती खूण. सेटअप ती फुगवून मूळ नावाने हार्ड डिस्कवर ठेवतो. पण कुठली फाइल कुठे ठेवायची ते त्याला कसं कळतं? त्यासाठी त्याच फोल्डरमध्ये टीएक्सटीसेटअप.एसआयएफ सारख्या साध्या मजकुराच्या याद्या असतात. म्हणून नव्या फाइली नुसत्या जुन्यांच्या जागी डकवून भागत नाही. नवी फाइल आली पण यादीत तिचं नाव नसेल, तर सेटअप तिच्याकडे बघतही नाही.

हे सगळं सर्व्हिस पॅक स्वतः करायचा. सीडी हार्ड डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये कॉपी करायची, पॅकची फाइल चालवताना तिच्या नावापुढे इंटिग्रेट हा स्विच, म्हणजे आज्ञेचा शब्द, आणि त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. तो जुन्या फाइली काढून नव्या, दाबलेल्याच रूपात बसवायचा आणि याद्याही सुधारायचा. मग सीडी राईट करायची, आणि पुष्कळांची चकती इथेच वाया जायची. फोल्डर जसाच्या तसा बर्न केला तर सीडीवर सगळं दिसतं, पण मशीन तिच्यावरून बूट, म्हणजे चालू, होत नाही. बूट करणारा 2048 बाइटचा तुकडा फोल्डरमध्ये दिसणाऱ्या फाइलींत नसतोच. तो मूळ सीडीतून वेगळा काढून राईट करताना द्यावा लागतो.

सुरक्षितता हे एकच कारण नव्हतं. पहिली एक्सपी हार्ड डिस्कवरच्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कच्या सर्वांत लहान कप्प्याचा, पत्ता 28 बिटांत लिहायची. म्हणजे 26,84,35,456 सेक्टर, प्रत्येकी 512 बाइट, एकूण सुमारे 137 अब्ज बाइट. 160 जीबीची डिस्क लावली तर उरलेली जागा तिला दिसायचीच नाही. 48 बिटांचा पत्ता सर्व्हिस पॅक 1 ने दिला. पण पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, तर विंडोज टाकतानाच पाडतात! तेव्हा ती समज सीडीलाच असायला हवी.

व्हिस्टापासून मांडणी बदलली. सुट्या फाइलींऐवजी बसवून तयार झालेल्या विंडोजचं एक अखंड चित्रच डब्ल्यूआयएम फाइलीत येऊ लागलं. विंडोज 7 पासून डिझ्म हे साधन ती फाइल एका रिकाम्या फोल्डरवर उघडतं, अपडेट आत बसवतं आणि बदल जतन करून ती पुन्हा बंद करतं. इथे क्रम सांभाळावा लागतो. मे 2016 मध्ये विंडोज 7 साठी सर्व्हिस पॅक 1 नंतरच्या बहुतेक अपडेट्सचा एकत्र गठ्ठा निघाला, पण त्याआधी एप्रिल 2015 चं सर्व्हिसिंग स्टॅकचं अपडेट बसवणं सक्तीचं होतं. सर्व्हिसिंग स्टॅक म्हणजे अपडेट बसवणारी यंत्रणा. आधी मिस्त्रीची हत्यारं नवी करायची, मग त्याला काम सांगायचं.

बाहेरून केलेलं जोडकाम अंगावरही येऊ शकतं. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती ज्यांनी ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर 2024 चं सुरक्षा अपडेट आत घातलेल्या सीडी वा पेनड्राइव्हवरून टाकली, त्यांची मशीनं पुढची सुरक्षा अपडेट्स घेईनाशी होऊ शकतात, असं मायक्रोसॉफ्टने डिसेंबरमध्ये जाहीर केलं. उपाय एकच होता. डिसेंबरचं अपडेट घालून तो पेनड्राइव्ह पुन्हा बनवायचा आणि विंडोज पुन्हा टाकायची.

माझ्या खणात विंडोजचे दोन पेनड्राइव्ह असतात. दोन्हींवर चिकटपट्टी लावून मी मार्करने महिना आणि वर्ष लिहितो. कुणाचं मशीन हाती आलं की आधी ती पट्टी वाचतो. तीन-चार महिने उलटलेले दिसले तर रात्री डिझ्म लावून ठेवतो आणि सकाळी नवी पट्टी चिकटवतो.