वळणावर बाइकचा झुकाव किती उरतो?

50 मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी 60 किलोमीटर वेगाने जायचे, तर बाइक सुमारे 30 अंश झुकवावी लागते. क्रूझर असो, स्पोर्ट असो की ॲडव्हेंचर, हा कोन जवळपास तोच राहतो. बाइकच्या वजनाने त्यात फरक पडत नाही. टायर रुंद असेल तर थोडे अंश जास्त लागतात. खरा फरक त्यापुढे सुरू होतो. बऱ्याच क्रूझरचा फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचा दांडा, 30 अंशांच्या आसपासच रस्त्याला टेकतो. साधी रोडस्टर 40-45 अंशांपर्यंत जाते आणि स्पोर्ट बाइक त्याच्याही पुढे. म्हणजे त्याच वळणावर, त्याच वेगाला एकाची मर्यादा संपलेली असते, तर दुसऱ्याच्या हातात अजून दहा-पंधरा अंश असतात. आडरस्त्यावर 'कॉन्फिडन्स' म्हणतात तो बराचसा या शिलकीतून येतो. ही शिल्लक कोणत्या बाइकला किती मिळाली, हे मात्र आडरस्ते डोळ्यांपुढे ठेवून क्वचितच ठरले.

अपवाद सुरुवातीलाच सापडतो. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी ही बाइकची शर्यत सुमारे 60 किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्यांवर होते. उंचवटे, दगडी भिंती आणि गावातली वळणे असलेला हा मार्ग. ब्रिटिश कंपनी नॉर्टनची जुनी फ्रेम तिथे बरेच हादरे द्यायची; तिचे टोपणनाव 'गार्डन गेट', म्हणजे बागेचे फाटक. रेक्स मॅककँडलेस यांनी तिच्या जागी दुहेरी पाळण्यासारखी नवी फ्रेम बनवली आणि मागे स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरून वर-खाली हलणारा दांडा, दिला. ती चालवून रायडर हॅरॉल्ड डॅनियल यांना पिसांच्या गादीची आठवण झाली, आणि 'फेदरबेड' हे नाव तिथूनच रूढ झाले. 1950 मध्ये याच फ्रेमवर रायडर जेफ ड्यूक यांनी सीनियर टीटी, म्हणजे टीटीतली मुख्य शर्यत, जिंकली. खराब रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहिले आणि फ्रेम पिळली नाही, तर रायडर आपोआप वेगात जातो, हे या बाइकने दाखवून दिले.

त्यानंतरच्या कॅफे रेसर पिढीने, म्हणजे रस्त्यावरची बाइक शर्यतीच्या बाइकसारखी करून घेणाऱ्यांनी, शर्यतीच्या बाइकवरून उचलला तो मुख्यतः बसण्याचा आकार: फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या जोडीच्या, नळीलाच आवळलेले खाली झुकलेले क्लिप-ऑन हँडल आणि मागे सरकवलेले फूटपेग. फूटपेग मागे आणि वर गेल्याने झुकायला जागा वाढली, हा फायदा खरा. क्लिप-ऑनचे गणित मात्र वेगावर अवलंबून असते. जास्त वेगात समोरचा वारा छातीला उचलून धरतो, आणि मनगटांवरचा भार कमी होतो. आडरस्त्यावर 50-60 च्या वेगात तो आधार मिळत नाही. सगळे वजन तळहातांवर येते, कोपरे ताठ होतात आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का हातांतून थेट स्टिअरिंगमध्ये जातो. बाइक 'वळत नाही' अशी तक्रार करणाऱ्या अनेकांच्या बाबतीत बाइकला अडवणारे त्यांचेच हात असतात. पोट आणि मांड्यांनी टाकी धरून हात सैल सोडले, की तीच बाइक सहज आत शिरते.

क्रूझरची वाट उलट दिशेने गेली. लांब, सरळ हमरस्त्यांवर तासन्‌तास बसायला पाय पुढे, सीट खाली आणि फोर्क लांबवर कललेला असणे सोयीचे. 1960 च्या दशकातल्या चॉपरनी, म्हणजे लांब फोर्क लावून बदललेल्या बाइकनी, हा कल टोकाला नेला. पुढे कंपन्यांनी तो सौम्य करून कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. स्पोर्ट बाइकचा रेक, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा कल, साधारण 23 ते 25 अंश असतो. क्रूझरचा 30 किंवा त्याहून जास्त, आणि व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधले अंतर, हेही अनेकदा 1,600 मिलिमीटरच्या वर. अशी बाइक सरळ रेषेत अढळ असते, पण एकामागून एक येणाऱ्या डाव्या-उजव्या वळणांत तिला एका बाजूवरून दुसरीकडे न्यायला वेळ लागतो.

अधिक घातक गोष्ट मागच्या सस्पेन्शनची आहे. सीट खाली ठेवायची म्हणून मागच्या चाकाला हलायला जागा कमी दिलेली असते. वळणाच्या मध्यावर उंचवटा आला की शॉकअप तळाला जातो, बाइक दबते आणि उरलेसुरले अंशही संपतात. आधी फूटपेग घासतो. तो बिजागरीवर वर दुमडतो, म्हणून तो आवाज इशाराच समजावा. त्यानंतर टेकतो तो सायलेन्सर किंवा फ्रेम, आणि ते दुमडत नाहीत. बाइक त्यांच्यावर टेकली की मागच्या टायरवरचा भार उचलला जातो आणि टायर बाहेर सरकतो. पाय पुढे असल्यामुळे फूटपेगवर उभे राहून धक्का सोसण्याचीही सोय नसते. घासल्याचा आवाज आला तर ब्रेक न मारता वरचे शरीर वळणाच्या आतल्या बाजूला न्यावे. तेवढ्याने बाइक थोडी उभी राहते.

1980 च्या दशकात दोन गोष्टी शेजारी-शेजारी घडल्या. कावासाकी जीपीझेड 900 आर (1984) सारख्या बाइकना पुढे 16 इंची चाक आले. छोट्या चाकाने बाइक झटकन वळते, पण कमी स्थिर वाटते आणि वळणात ब्रेक लावला की उभी राहू पाहते. दशकाच्या अखेरीस 17 इंच हे मधले माप रुळले, आणि ते आजही टिकून आहे. दुसरीकडे बीएमडब्ल्यूने 1980 मध्ये आर 80 जी/एस आणली: 21 इंची पुढचे चाक, रुंद हँडल, उंच बसणे, लांब सस्पेन्शन. कच्च्या वाटा आणि रस्ता या दोन्हींसाठी बनवलेली ही बाइक उखडलेल्या डांबरावरही उत्तम चालते, हे लवकरच लक्षात आले. रुंद हँडलमुळे कमी जोर लागतो, ताठ बसल्याने डोळे उंचावर राहतात, वळणावर खडी पसरलेली जरा आधी दिसते आणि खड्डा चाक गिळून टाकते. तिची उणीव ब्रेक लावताना कळते. लांब फोर्क खोल दबतो, म्हणून ब्रेक हळूहळू वाढवत दाबावा लागतो.

आडरस्त्यावर वेगाची खरी मर्यादा दिसणाऱ्या अंतराची असते. ताशी 60 ला एक सेकंदाच्या प्रतिक्रियेत 17 मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लावला तर आणखी सुमारे 20. म्हणजे थांबायला एकूण सुमारे 37 मीटर. ताशी 80 ला हाच एकूण आकडा 57 मीटरच्या आसपास जातो. आंधळ्या वळणावर पुढचे 40 मीटरच दिसत असतील, तर स्पोर्ट बाइकवाल्यानेही 60 वरच असायला हवे. वळण पुढे अचानक आवळले, तर त्याला आणखी झुकता येते. क्रूझरवाल्याला नाही, म्हणून त्याने आत शिरतानाच वेग 50 वर आणलेला बरा. सुरुवातीच्या 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर त्या वेगाला झुकाव सुमारे 21-22 अंशच लागतो.

हातातल्या बाइकमध्येही बरेच सुधारता येते. पहिले सॅग, म्हणजे रायडरच्या वजनाने सस्पेन्शन किती दबते ते: चाक अधांतरी असताना आणि पूर्ण पोशाखात रायडर बसलेला असताना, अशी दोन मापे घ्यावीत. रोडस्टरवर मागचा फरक 30-35 मिलिमीटर असावा. जास्त असेल तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवावा. क्रूझरला मागे 25 मिलिमीटर लांब शॉकअप बसवले तर झुकायला जागा मिळते आणि रेक सुमारे एक अंशाने कमी होतो. मात्र साइड स्टँड आखूड पडतो, आणि बाइक जास्त कलून उभी राहते. क्लिप-ऑन काढून उंच हँडल लावले, तर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावे. वळवताना आयडलिंग वाढले, तर थ्रॉटल केबल ताणली जाते आहे. ती लांब केल्याशिवाय किंवा दुसऱ्या वाटेने फिरवल्याशिवाय ती बाइक रस्त्यावर काढू नये. यू-टर्न घेताना ती स्वतःहून रेस घेईल.