जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं नव्हेत

बाजारात सुक्या जवळ्याचा ढीग दिसला की कुणीतरी हळहळतंच, "अगं, ही कोळंबीची पिल्लं! मोठी होऊ दिली असती तर?" नसती झाली. जवळा ही वेगळीच जात, असेटस इंडिकस. पूर्ण वाढूनही जेमतेम ३-४ सेंटीमीटर. ओला जवळा तळहातावर घेऊन बघा (चष्मा लावून!): चालायच्या पायांच्या ३च जोड्या. कोळंबीला ५ असतात, पिल्लालासुद्धा.

कोळंबीची पिल्लं बहुतेक खाडीत, कांदळवनात वाढतात. हळहळ अगदीच फुकट नाही म्हणा. रायगड-पालघरकडे भरती-ओहोटीच्या ओढीला लावलेल्या डोल जाळ्याच्या बारीक आसांत (छिद्रांत) जवळ्याबरोबर थोडी तीही येतात.