नेतृत्वाच्या शैली: आयोवातल्या मुलांपासून वेर्ण्याच्या कारखान्यापर्यंत

गोव्यात पणजीत किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत व्यवस्थापकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरला की पडद्यावर एक तक्ता हमखास येतो. हुकमी, सहभागाचा, मोकळीक देणारा, शिकवणारा अशा नेतृत्वाच्या शैली एका बाजूला आणि त्या कधी वापरायच्या ते दुसऱ्या बाजूला. तक्ता चुकीचा नसतो. मात्र त्यातली प्रत्येक शैली कुणीतरी, कुठेतरी, एका ठरावीक अडचणीवर उत्तर शोधताना मांडली आहे. ती अडचण माहीत नसेल, तर माणूस सवयीची शैलीच वापरत राहतो आणि तिला नाव मात्र तक्त्यातलं देतो.

सुरुवात अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांच्यापासून करावी लागते. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये मजूर बिडाच्या लगडी उचलून रेल्वेच्या वाघिणीत भरत. एकेक लगड ९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ ४२ किलोंची. टेलर यांच्या सांगण्यानुसार दिवसाला माणशी १२.५ टन भरले जात, ते प्रमाण त्यांनी ४७.५ टनांवर नेलं. मजुराने कधी चालायचं, कधी टेकायचं हे मुकादम सांगणार आणि मजूर तसंच करणार. १९११ साली त्यांनी हे शास्त्र म्हणून मांडलं. विचार करण्याचं काम एकाचं आणि हात चालवण्याचं दुसऱ्याचं, ही वाटणी तेव्हापासून कारखान्यांत पक्की झाली. गोव्याच्या खाणींवर यंत्रं येण्याआधी डोक्यावरच्या पाट्यांनी खनिज वाहिलं जाई. तिथे टेलर यांचं नाव कुणी ऐकलं नसेल, पण मुकादमाचा हुकूम त्याच जातीचा होता.

त्या हुकमाची परीक्षा १९३०च्या दशकात आयोवा विद्यापीठात झाली. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळं केली. मुखवटे बनवण्यासारखी कामं त्यांना दिली. एका प्रकारचा प्रौढ प्रमुख सगळं स्वतः ठरवून एकेक पायरी सांगे. दुसरा मुलांशी चर्चा करून ठरवे. तिसरा साहित्य देऊन बाजूला उभा राही. मग प्रमुख मुद्दाम खोलीबाहेर जाई आणि आत काय होतं ते टिपलं जाई. हुकमी प्रमुखापुढे दबून असलेल्या मुलांचा ७४ टक्के वेळ कामात जात होता. तो बाहेर गेल्यावर २९ टक्के. चर्चेच्या मंडळात ५० टक्के होता, तो ४६वर आला. १९३९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि पुढच्या तक्त्यांचे पहिले तीन रकाने त्यातून निघाले.

मला या आकड्यांमधला ७४ फार महत्त्वाचा वाटतो. हुकूम चालतो, हे तो आकडा स्पष्ट दाखवतो. साहेब समोर असेपर्यंत चर्चेपेक्षा जास्तच चालतो. मालकाने कारखान्यात फेरी मारली की सगळे वाकलेले दिसतात आणि त्याला आपली पद्धत योग्य असल्याची खात्री पटते. २९ त्याला कधी दिसत नाही, कारण तेव्हा तो तिथे नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायो आणि मिशिगनच्या विद्यापीठांत कामाची चोख आखणी आणि माणसांची काळजी या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या गेल्या. १९६० साली व्यवस्थापनाचे अभ्यासक डग्लस मॅकग्रेगर यांनी मुद्दा साहेबाच्या मनापर्यंत नेला: माणूस मुळात कामचुकार असतो असं धरून चाललात, तर तसेच नियम कराल आणि तशीच माणसं घडवाल. फ्रेड फिडलर यांचं १९६७मधलं म्हणणं असं, की माणसाची शैली सहजासहजी बदलत नाही, तेव्हा प्रसंग बघून माणूस नेमावा. दोनच वर्षांनी हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी उलट बाजू घेतली. हाताखालचा माणूस कामात किती तयार आहे ते बघून साहेबानेच शैली बदलावी. वास्कोच्या गोदीत नव्या वेल्डरला पायरीपायरीने सांगावं लागतं. वीस वर्षं जोडकाम केलेल्याला तसं सांगणं हा अपमान ठरतो.

आता गोव्याकडे. इथे सामूहिक निर्णयाची परंपरा या सगळ्याच्या कितीतरी आधीची आहे. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया यांनी गावकरीच्या, म्हणजे गावाची जमीन आणि कारभार मिळून सांभाळणाऱ्या संस्थेच्या, चालीरीती लिहून काढल्या, तेव्हाच ती व्यवस्था जुनी होती. गावकार जमून शेतांची पावणी म्हणजे लिलाव, बांधांची दुरुस्ती, देवळांचा खर्च ठरवत. पण बसायचा हक्क गावकार घराण्यांतल्या पुरुषांनाच. बायका आणि बाकीचा गाव बाहेर. सहभाग होता, पण कुणाचा हे आधीच ठरलेलं होतं. आजही अनेक कंपन्यांतल्या बैठका अशाच असतात.

रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, वेगळं दिसे. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात. ओढ चालू असताना म्होरक्याचा, म्हणजे तांडेलाचाच शब्द. तिथे मत विचारत बसलं तर बांगडा निसटायचा. मासळी वाळूवर आली की वाटे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडत. एकाच सकाळी दोन शैली, आणि बदल केव्हा करायचा हे कुणाला शिकवावं लागत नसे. पुढे ट्रॉलर आले, रापणकारांनी सत्तरच्या दशकात त्यांच्याविरुद्ध मोठा लढा दिला, आणि मासेमारी बरीचशी मालक आणि पगारी खलाशी यांची झाली.

तिसरी परंपरा भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराच्या घरी लग्न असो की आजारपण, भाटकार मदत करी. बदल्यात मुंडकाराने वर मान करून बोलायचं नाही. १९६४चा कूळ कायदा, १९७५चा मुंडकार कायदा आणि १९७६ची कूळ कायद्यातली पाचवी दुरुस्ती यांनी जमिनीवरचं हे नातं बरंच सैल केलं. दुकानांत, हॉटेलांत, घरच्या कंपन्यांत मात्र ते पात्रांवाच्या, म्हणजे मालकाच्या, रूपाने टिकून राहिलं. पात्रांव शाळेची फी भरतो, दवाखान्याचं बिल देतो. पण हिशेबातली चूक दाखवणारा कारकून त्याला चालत नाही.

याच ठिकाणी पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांचं काम आपल्या उपयोगाचं आहे. अमेरिकेतली सहभागाची शैली भारतीय कचेरीत जशीच्या तशी आणली की लोक तिला साहेबाचा दुबळेपणा समजतात, हे ओळखून त्यांनी १९८० साली वेगळी वाट मांडली. साहेबाने आस्था दाखवावी, पण ती कामाशी बांधलेली असावी. जो नीट काम करील त्याला आधार आणि मार्गदर्शन जास्त. आणि माणूस तयार होत जाईल तसा निर्णय हळूहळू त्याच्याकडे सोपवावा. पात्रांवाकडे यातली आस्था असते. ती कामापेक्षा निष्ठेला बांधलेली असते, आणि सोपवण्याची पायरी येतच नाही.

राजकारणातून व्यवसायात आलेली एक शैली राहिली. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ साली 'काम करा, मोबदला घ्या' असं देवाणघेवाणीचं नेतृत्व आणि माणसांची ध्येयंच उंचावणारं, परिवर्तन घडवणारं नेतृत्व असा फरक केला. बर्नार्ड बॅस यांनी १९८५ साली तो संस्थांना लावला. गोव्यात हे समजायला पुस्तक लागत नाही. खाणमालक दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी शाळा उघडल्या. बहुजन समाजाला भाऊसाहेब आपले वाटले. १९७३ साली त्यांचं निधन झालं आणि पद कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे गेलं. एका माणसावरच्या श्रद्धेने उभी राहिलेली संस्था वारस घरातही शोधते, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी फार पूर्वी लिहून ठेवलं होतं. आपल्या कौटुंबिक उद्योगांतही तेच चालतं.

हल्लीचा तक्ता बहुधा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांचा, २००० सालचा. त्यामागे ३,८७१ अधिकाऱ्यांची माहिती होती. त्यांच्या सहा शैलींपैकी दोन, म्हणजे निव्वळ हुकमाची आणि 'माझ्या वेगाने धावा' म्हणणारी, सतत वापरल्या तर वातावरण बिघडवतात, असं त्यांना आढळलं. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात विद्रावकाची गळती झाली तर हुकूमच हवा, तोही एकाचाच. पण गळती का झाली हे शोधताना तोच आवाज लावला तर पाळीवरचा कामगार खरं सांगणार नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वेगाने धावणारा मॅनेजर लागतो, आणि माणसं तेवढे दिवस ते निभावतात. शिकवण्याची शैली तेव्हा शक्यच नसते. तिची वेळ जून-जुलैची, खोल्या रिकाम्या असतानाची. अडचण अशी, की नेमक्या त्याच महिन्यांत अनेक मालक पगार वाचवायला माणसं कमी करतात. ऑक्टोबरात नवी माणसं येतात आणि त्यांना परत हुकमावरच चालवावं लागतं.